नैवेद्याच्या वाटीतला वरणभात: लहान मुलांना किती वाढायचं आणि काय?

उशिराची_लोकल
सोमवार, रात्री ११.४०

लेक साडेतीन वर्षांचा. आम्ही मुलुंडला, माझं ऑफिस लोअर परळला, नवऱ्याचं त्याहून लांब. दिवसभर लेक सोसायटीमागच्या पाळणाघरात असतो, पाचला साबा (सासूबाई) त्याला घरी आणतात. मी पोचते साडेसात-पावणेआठला, तेही दादरला फास्टमध्ये शिरता आलं तर.

मग ताट. साडेआठला बसायचं आणि पावणेदहाला उठायचं. वरणभात गार होतो, वरचं तूप थिजून पांढरं होतं, परत गरम करायचा, परत गार होतो. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक खालच्या मजल्यावरच्या भूभूचा. सगळे प्राणी संपले की मोबाइल. मोबाइल लावला की तोंड उघडतं, पण आत काय जातंय हे त्याला कळत नाही आणि मला ते बघवत नाही.

मागच्या महिन्यात पाळणाघरातल्या काकू म्हणाल्या, "ताई, डबा थोडा लहान द्या ना." मला वाटलं, टाकतो म्हणून तक्रार असेल. तर म्हणाल्या, "तसं नाही हो. डबा उघडला की तो आधी आत वाकून बघतो, मग माझ्याकडे बघतो. जेवायच्या आधीच दमतो तो."

एका शनिवारी मी लवकर गेले आणि दाराआडून बघत बसले. काकूंकडे नैवेद्याच्या वाट्या आहेत, तळहातावर मावतील एवढ्या. त्यात दोन मोठे चमचे मऊ भात, वर वरण, तुपाचा थेंब. मी दिलेला डबा ओट्यावर, त्याच्या नजरेआड. ताटलीच्या कडेला लाल भोपळ्याची एकच फोड. पाच मिनिटांत वाटी रिकामी. "अजून," तो म्हणाला. जेवणाच्या बाबतीत हा शब्द त्याच्या तोंडून मी तोवर कधी ऐकला नव्हता. असं तीनदा झालं. भोपळा त्याने चाटला आणि परत ठेवला. काकू काही बोलल्या नाहीत. फोड उचलली, ताटली विसळली. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "उद्या परत ठेवीन. पळून कुठे जातोय भोपळा."

आता खरा प्रश्न. घरी येऊन मी वाचत बसले, तर सगळीकडे उलटंच लिहिलेलं. अमेरिकेत २००३ साली जेनिफर फिशर, बार्बरा रोल्स आणि लीअन बर्च यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला. वयाला साजेसा एक वाढा आणि त्याच्या दुप्पट एक. दुप्पट वाढलं तेव्हा मुलांनी तो मुख्य पदार्थ २५ टक्के जास्त खाल्ला, एकूण जेवणातली ऊर्जा १५ टक्क्यांनी वाढली. घाससुद्धा मोठे घेतले म्हणे. म्हणजे जास्त वाढलं की मुलं जास्त खातात. मग माझ्या कार्ट्याला जास्त वाढलं की तो कमी का खातो? तो वेगळा आहे, की मी काही चुकीचं वाचतेय?

साबांचं मत स्पष्ट आहे: "चमचाभर वाढायचं म्हणजे पोराला उपाशी ठेवायचं. बघणारा काय म्हणेल?" त्यामुळे कृपया मत देताना साबा हा धागा वाचू शकतात हे ध्यानात ठेवा.


अर्धीकैरी
सोमवार, रात्री ११.५२

अगदी अगदी. आमच्याकडे पावणेअकरापर्यंत चालतं, तुम्ही सुदैवी आहात. त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे का तेही विचारा.


साय_साखर
मंगळवार, सकाळी ७.१०

चिऊ-काऊला नावं ठेवू नका हं. आम्ही सगळे त्याच घासांवर वाढलो. :-)

गंमत सोडा, पण मला वाटतं घास गोष्टीचा असतो तोवर ठीक आहे, "आईसाठी एक घास" सुरू झालं की गडबड होते. माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे. अजूनही पोट भरलं की आधी माझ्या तोंडाकडे बघते. तिला स्वतःला विचारायची सवयच मी लागू दिली नाही.


खडूस_बाबा
मंगळवार, दुपारी १.३५

अमेरिकेतली पोरं, त्यांची मॅकरोनी, त्यांचं चीज. त्यावरून मुलुंडच्या वरणभाताचा निकाल लावायचा का, हा माझा पहिला प्रश्न. २००० सालचा त्यांचाच आधीचा प्रयोग मॅकरोनी-चीजवर होता हे मी बघितलंय.

तरी खाज आली म्हणून घरी करून पाहिलं. मुलगी पाच वर्षांची. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आणि बायकोच्या शिव्या खात सहा दिवस ताट मोजलं, जेवणाआधी आणि नंतर. बटाट्याच्या काचऱ्या ६० ग्रॅम दिल्या, सगळ्या गेल्या. १२० दिल्या, शंभराच्या आसपास गेल्या. मग भेंडी. ३० ग्रॅम दिली, ११ खाल्ली. ६० दिली, १२ खाल्ली. भेंडीचा ढीग वाढला म्हणून भेंडी एक ग्रॅम वाढली, आणि तोही बहुतेक काट्याचा दोष असावा.

एक पोर, सहा दिवस. याला अभ्यास म्हणत नाहीत, हौस म्हणतात. पण धागाकर्तीचं कोडं मला तरी इथे सुटल्यासारखं वाटतं. त्या प्रयोगातला पदार्थ मुलांच्या आवडीचा होता. आवडीचं जास्त दिसलं की हात चालत राहतो. नावडीचं जास्त दिसलं की पोटात गोळा येतो. तुम्ही लेकाला वेफर्सची मोठी वाटी देऊन बघा, तो "अजून" म्हणायलासुद्धा थांबणार नाही.


उशिराची_लोकल
मंगळवार, दुपारी २.०५

वेफर्सचं बघायची गरज नाही, गणपतीत बघितलंय. मोदकांचंही.

पण बाबा, वरणभात त्याचा नावडता नाही. वाटीतून चारदा खाल्ला ना. ताटातला मात्र खात नाही.


स्टेथो
मंगळवार, रात्री १०.१५

बालरोगतज्ज्ञ आहे, उपनगरात दवाखाना. इथे औषधं विचारू नका. पण हा विषय रोजचाच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मोठ्यांच्या डोक्यातला आकडा दुरुस्त करू. बाळ जन्मतं तीन किलोचं, वर्षाचं होतं तेव्हा साधारण नऊचं. म्हणजे तिप्पट. याच वेगाने गेलं तर दुसऱ्या वाढदिवसाला २७ आणि तिसऱ्याला ८१ किलो! असं होत नाही, कारण पहिल्या वर्षानंतर वाढ मंदावते. दोन ते पाच या वयात मूल वर्षाला जेमतेम दोन किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आणि नेमकं याच वयात आपण म्हणतो, "आधी किती छान खायचा हो!" तो आताही छानच खातो, त्याला लागतंच कमी. त्यात दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाचा संशयही येतो. कालपर्यंत खाल्लेली पालेभाजी आज "हिरवं काढ" होते. बहुतेक मुलांत हे येतं आणि जातं.

वाढण्याचा एक ढोबळ हिशेब आम्ही सांगतो: वयाच्या प्रत्येक वर्षाला त्या पदार्थाचा एक मोठा चमचा. साडेतीन वर्षांच्याला तीन-साडेतीन चमचे भात, तेवढंच वरण, भाजी त्याहून कमी चालेल. संपलं तर परत. आता आपण काय वाढतो ते बघा. मोठ्यांची आमटीची वाटी भरून, कारण घरात लहान वाटीच नसते. काकूंनी हा हिशेब कुठे वाचला नसेल, पण त्यांची नैवेद्याची वाटी बरोबर त्यात बसते.

खडूस_बाबांचा मुद्दा बरोबर आहे, त्याला जोड देते. २०१० च्या सुमारास दोन वेगळे प्रयोग झाले. एकात पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या ताटातली फळं आणि भाज्या दुप्पट केल्या. सफरचंदाचा गर मुलांनी जास्त खाल्ला. ब्रोकोली आणि गाजर तेवढंच, काही फरक नाही. म्हणजे तुमची भेंडीच. दुसऱ्यात मात्र कच्च्या गाजराचे तुकडे मुख्य जेवणाच्या आधी दिले, बरोबर दुसरं काही नाही. तीस ग्रॅमऐवजी साठ ग्रॅम ठेवले तर गाजर ४७ टक्के जास्त गेलं. नव्वद ठेवले तर त्यापुढे काही वाढलं नाही. तेच गाजर. फरक एवढाच की शेजारी पास्ता नव्हता आणि पोटात भूक होती.

आता धागाकर्तीचा प्रश्न: आवडीचा वरणभातसुद्धा ताटात का नको? माझ्या मते तिथे ताटापेक्षा ताटाबरोबर येणारी सक्ती नडते. त्याला ठाऊक आहे की हे सगळं संपेपर्यंत सुटका नाही. २००६ साली एक छोटा प्रयोग झाला होता. बालवाडीतल्या मुलांना दोन सूप दिली. एका सूपच्या वेळी "संपव, संपव" असा आग्रह, दुसऱ्याच्या वेळी काहीच नाही. आग्रह नव्हता ते सूप मुलांनी जास्त प्यायली आणि त्याबद्दल कुरकुरही कमी केली. त्या अमेरिकन पोरांना मोठं ताट दिलं तेव्हा समोर बसून कोणी "संपव" म्हणत नव्हतं. तुमच्या घरात मोठं ताट आणि सव्वा तासाची बैठक एकत्र येतात.

हां, आणि २००० च्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांवर वाढ्याचा परिणाम दिसला नव्हता, पाच वर्षांच्यांवर दिसला होता. त्यावरून बरीच वर्षं सांगितलं गेलं की लहानग्यांचं पोट खोटं बोलत नाही, ते मोठं होता होता बिघडतं. पण २००७ मध्ये फिशर यांनीच दोन ते नऊ वर्षांची मुलं घेऊन परत बघितलं, तेव्हा वयाचा असा फरक निघाला नाही. दोन-तीन वर्षांचीही मोठ्या वाढ्याला भुलली. तेव्हा "लहान आहे, त्याला कळतं" यावर आवडीच्या पदार्थांपुरता फार विसंबू नका. बिस्किटांच्या पुड्यापुढे तर नाहीच.

शेवटचं, दूध. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणारं मूल जेवणार कसं? माझ्याकडे "काही खात नाही" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात बाटली असते. पोट भरतं, लोह मिळत नाही. आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण जेवणाच्या जागी दूध आणि वर चहा-बिस्किट हे घराघरातलं आहे.

वजन उतरत असेल किंवा सहा-सहा महिने हलत नसेल, घास गिळताना ठसका लागत असेल, पाच-सहा पदार्थांपलीकडे मूल काहीच तोंडात घेत नसेल, तर धागे वाचू नका, डॉक्टरकडे जा. वाढीचा तक्ता काढून बघायला दोन मिनिटं लागतात.


लालबागकर
बुधवार, पहाटे ५.४०

वय ७१. नातवंडं दोन. जागा लवकर येते म्हणून एवढ्या सकाळी.

आमची खोली दहा बाय बारा. भावंडं पाच, शिवाय गावाहून आलेला एखादा काका. वडील गिरणीत, पाळीप्रमाणे जेवायला. आई मधोमध भाताचं पातेलं घेऊन बसायची आणि पहिला वाढा सगळ्यांना सारखा, डाव पुसून. नंतर ज्याला पाहिजे त्याने मागायचं. "खा रे" असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही. "पुरे आता" मात्र रोज ऐकलं. बोंबलाचं कालवण असलं की मोठा भाऊ काय करतो ते बघून आम्ही करायचो. त्याने काटा बाजूला काढला की आम्हीही काढायचो. कारलं मी सातव्या वर्षी खायला लागलो, कारण तो खायचा आणि मला तो व्हायचं होतं.

आता माझा नातू एकटा उंच खुर्चीवर बसतो. समोर सून, सासू आणि मी, तिघेही त्याच्या तोंडाकडे बघत. आम्ही तिघे नंतर जेवतो. मी परवा सुनेला म्हटलं, आपण सिनेमा बघायला बसल्यासारखे का बसतो?


साय_साखर
बुधवार, सकाळी ८.२०

काका, हे वाचून आज रात्री आम्ही सगळे एकत्र बसणार.


वस्तीताई
बुधवार, रात्री ९.३०

काका, राग मानू नका, पण तुमच्या आईने पहिला वाढा डाव पुसून दिला, कारण दुसरा पुरेल की नाही याची तिला खात्री नव्हती. त्यात शिस्त होती, तशी तूटही होती. आम्ही मानखुर्दच्या बाजूला वस्त्यांमधल्या आयांबरोबर काम करतो. तिथून हा धागा थोडा वेगळा दिसतो.

तिथे मूल "कमी खातं" म्हणून आई रडत येते आणि खरोखरच वजन कमी असतं. अशा घरी मी जाऊन "कमी वाढा, मागेल तर द्या" एवढंच सांगितलं तर माझ्या हातून पाप होईल. तिथे मी वाटीपेक्षा वरण बघते. चमचा तिरका केला आणि वरण पाण्यासारखं ओघळलं तर ते पातळ. चमच्यावर बसलं पाहिजे. दीड वर्षाच्या मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं, त्यात तुम्ही पेज भरली तर पोट भरेल, अंगाला काय लागेल? त्याच वाटीत डाळ घट्ट, वर चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचं कूट, परवडलं तर अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. वाटी तीच राहते, आतलं दुप्पट होतं. नाचणीची लापशीसुद्धा दाट केली तरच उपयोगाची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं खरं, पण लोक चमचाभर पीठ पातेलंभर पाण्यात शिजवतात.

एक ते दोन वर्षांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते ते असं: अडीचशे मिलिलिटरची वाटी पाऊण ते पूर्ण, दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये एक-दोनदा खाऊ. म्हणजे थोडं थोडं, पण पुष्कळदा. ज्या घरात आई सकाळी सहाला घरकामाला बाहेर पडते आणि मूल आठ वर्षांच्या ताईकडे असतं, तिथे "पुष्कळदा" हेच सगळ्यात अवघड. ताई काय करते? पाच रुपयांचा पुडा. कुरकुरीत, तिखट-खारट, हातात धरता येतो, भांडं घासावं लागत नाही. दुपारी दोन पुडे झाले की रात्रीच्या भाताला भूक उरत नाही, आणि आई म्हणते खात नाही.

शेंगदाणे आणि फुटाणे अख्खे देऊ नका हो, पाच वर्षांच्या आत. कूट द्या. घशात अडकलेला दाणा मी एकदा बघितला आहे, परत बघायचा नाही.


खडूस_बाबा
गुरुवार, सकाळी ९.०५

वस्तीताई, वरणाची चमच्याची परीक्षा आज घरी घेतली. आम्ही नापास. मुलगी ढीगभर वरण पिते म्हणून आम्ही खूश होतो.

आणखी एक मोजलं. तीच काचरीची भाजी, पण वाढायचा डाव मुलीच्या हातात दिला. तिने स्वतः घेतली ५५ ग्रॅम, संपवली, परत घेतली नाही. १२० वाढल्या तेव्हा शंभर खाणारी हीच बाई. त्या २००३ च्या प्रयोगातही म्हणे मुलांनी स्वतः वाढून घेतलं तेव्हा मोठ्या वाढ्यापेक्षा २५ टक्के कमी खाल्लं. मॅकरोनीवरचे माझे शब्द थोडे मागे घेतो. सगळे नाही.


शेवगा
गुरुवार, दुपारी ४.४८

मला उलटा त्रास आहे म्हणून विचारते. मुलगा सहाचा, वजन जास्त. डॉक्टरांनी कमी द्या म्हणून सांगितलंय. मी कमी वाढलं की तो स्वयंपाकघरात घुटमळत राहतो, डबे उघडतो. लग्नाला गेलो तर लाज वाटावी एवढं खातो. काय करू?


स्टेथो
गुरुवार, रात्री १०.५०

शेवगा, सगळंच कमी करू नका. भात-पोळी-वरण नेहमीचं, ताटलीच लहान घ्या. जेवणाआधी पंधरा मिनिटं काकडी-गाजर-टोमॅटो मधोमध ठेवा, मोजू नका. वेफर्स, फरसाण, बिस्किटं पुड्यातून कधीच नाही, वाटीत काढून, आणि पुडा घरात नसला तर सर्वांत बरं. "भाजी खाल्लीस तर जिलेबी" हे बंद करा. मुलाला त्यातून एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि जिलेबी बक्षीस. आणि त्याच्या देखत "तू फार खातोस" हे शब्द नकोत, सासरी-माहेरी सगळ्यांना सांगा.

जाता जाता एक जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या डॉ. क्लॅरा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात नुकत्याच अंगावरचं सुटलेल्या बाळांना स्वतः निवडून खाऊ दिलं. पंधरा मुलं, ३४ पदार्थ, सांगणारं कोणी नाही. मुलं उत्तम वाढली. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, मुलांना सगळं कळतं! पण बाईंनी स्वतःच १९३९ साली लिहून ठेवलंय की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्यात साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं, सगळं साधं, ताजं. मुलांनी निवडलं, पण मांडलं मोठ्यांनी.


उशिराची_लोकल
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३.२०

परत आले. लेक झोपलाय, साबा देवळात गेल्या आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी संध्याकाळचं दूध-बिस्किट. साबा ते साडेसहाला द्यायच्या, म्हणजे मी येईपर्यंत "काहीतरी पोटात". ते सव्वापाचला आणलं. यावरून दोन दिवस अबोला होता, तो मी इथे लिहीत नाही. मी आले की हातपाय धुवेपर्यंत काकडी आणि गाजराच्या पातळ फोडी ओट्याच्या कडेला ठेवते. कोणाला काही सांगत नाही. तो येता-जाता उचलतो. ताटात हेच गाजर ठेवलं तर हात लावत नाही, ओट्यावरचं मात्र त्याला चोरून खाल्ल्यासारखं वाटत असावं.

आठला सगळे एकत्र. नैवेद्याची वाटी. मोबाइल फ्रिजवर, माझाही. साडेआठ-पावणेनऊला आटोपतं. संपलं नाही तर नाही, ताटली उचलायची.

सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री तो दोन चमचे खाऊन उठला. मी धीर धरून ताटली उचलली. पहाटे तीनला उठून "भूक लागली" म्हणून रडला. साबांनी दिवा लावला, दूध गरम केलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "सांगितलं होतं मी." त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. सकाळी मात्र त्याने घावन दोन खाल्ले, आपणहून, नारळाच्या दुधात बुडवून.

लाल भोपळा मी मोजत होते. रोज एक फोड, काकूंसारखीच. स्टेथोताई, तुम्ही आग्रह नको म्हणालात म्हणून दात ओठ खाऊन गप्प बसले. अकराव्या की बाराव्या दिवशी त्याने ती खाल्ली. बाराव्याला असेल. तेराव्याला तोंडात घालून हातावर थुंकली आणि मला दिली. सध्या आम्ही एक दिवसाआड अशा टप्प्यावर आहोत.

वजन तेवढंच आहे, तीन आठवड्यांत काय फरक पडणार. डॉक्टरकडे तक्ता बघून घेतला, रेघ बरोबर चाललीय. वर्षभर उगाच घाबरले होते.

आणि परवाची गोष्ट. त्याला वाढायचा डाव दिला, खडूस_बाबांचं वाचून. दोन्ही हातांनी धरून त्याने आधी आजीच्या ताटात भात वाढला. चतकोर डाव, अर्धा सतरंजीवर. साबा म्हणाल्या, "अरे, एवढंसंच?" तर म्हणतो, "हे संपव. मग अजून देतो."

साबा हसल्या. आणि नंतर दोनदा मागून घेतला.


अर्धीकैरी
रविवार, दुपारी ३.४१

हाहा, आजी पास!

पण ते पाळणाघराचं विचारलंत का? आणि त्या वाट्या नेमक्या केवढ्या, कुठे मिळतात? आमच्याकडे पूजेची वाटी एकच आहे, तिला हात लावला तर माझं काही खरं नाही.


उशिराची_लोकल
रविवार, दुपारी ३.५८

काकूंकडे जागा नाही गं, जूनपर्यंत तरी.

वाट्या भांड्यांच्या कुठल्याही दुकानात. "नैवेद्याची वाटी" म्हणून मागा, स्टीलची घ्या, दोन मोठे चमचे भात मावला की झालं. मी सहा आणल्या होत्या. आता पाच आहेत. सहावी तुळशीच्या कुंडीत पुरलेली आहे असं तो सांगतो, पण कुठल्या बाजूला ते सांगत नाही.